लॅपटॉपसाठी नुसती स्लीव्ह पुरते की चांगली सॅकच घ्यावी?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. लेकीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पुढच्या महिन्यात हॉस्टेलवर जाईल. तिच्यासाठी १५.६ इंची लॅपटॉप घेतला, आणि आता तो न्यायचा कशातून यावर घरात तीन दिवस चर्चा चालू आहे. दुकानदाराने सोबत एक बॅग फुकट दिली, पण ती हातात घेतली तर आतला फोम पापडाएवढा पातळ. नवरा म्हणतो नुसती स्लीव्ह, म्हणजे लॅपटॉपच्या मापाची मऊ पिशवी, घेऊ आणि तिच्या कॉलेजच्या सॅकमध्ये टाकू. मला धीर होत नाही.

याला कारण आहे. गेल्या दिवाळीत माझा शाळेच्या कामाचा लॅपटॉप मी चार्जरसकट एका स्लीव्हमध्ये भरून माहेरी नेला. पिशवी मांडीवर होती, कुठे पडली नाही, आपटली नाही. घरी जाऊन उघडला तर स्क्रीनच्या डाव्या अंगाला काळा डाग आणि त्यातून खालपर्यंत गेलेल्या रेघा. पॅनेल बदलायला ६,८०० रुपये गेले. न आपटता स्क्रीन कशी गेली हे मला अजून नीट समजलेलं नाही.

दुसरी धास्ती पाण्याची. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचा संगणक गेला आणि त्यातले मुलांचे लहानपणचे फोटोही गेले. लेक नेमकी भर पावसात एसटीने कुंभार्ली घाट चढून जाणार आहे.
बजेट १,५०० पर्यंत. फार तर १,८००. कृपया अनुभवाचं सांगा.

कल्याणफास्ट
ताई, अभिनंदन लेकीचं!
मी रोज कल्याण ते सीएसएमटी करतो, अकरा वर्षं झाली. माझं मत स्पष्ट आहे, आधी सॅक. स्लीव्ह ओरखड्यांपासून वाचवते, गर्दीपासून नाही. लोकलमध्ये सॅक पुढे छातीवर घ्यावी लागते, आणि ठाण्याला लोंढा आत आला की सगळा दाब त्या सॅकवर येतो. माझ्या पहिल्या लॅपटॉपचं झाकण स्टीलच्या डब्याच्या कडेने दबलं होतं. तेव्हापासून डबा नेहमी तळाशी आडवा, आणि डबा व लॅपटॉप यांच्यामध्ये एक जाड वही किंवा फाइल.

रॅकवर मी लॅपटॉप ठेवत नाही. वरून कोणी आपली बॅग ओढली की शेजारच्या दोन बॅगा सोबत खाली येतात. हे डोळ्यांनी पाहिलंय.

दुचाकीपुणे
पुण्यात दुचाकी असेल तर रेनकव्हरवाली सॅकच घ्या. माझ्याकडे एका प्रसिद्ध ब्रँडची ३० लिटरची आहे, तीन पावसाळे झाले. बाकी १५.६ इंची लिहिलेली कुठलीही स्लीव्ह चालते, त्यात फार विचार करू नका.

स्क्रूड्रायव्हर
वरचं शेवटचं वाक्य खोडून काढणं भाग आहे. माझं नाशिकला लॅपटॉप दुरुस्तीचं काम आहे आणि 'कुठलीही चालते' म्हणून घेतलेल्या स्लीव्हमुळे आलेली मशीन मी दर महिन्याला उघडतो.

ताई, आधी तुमचं कोडं. लॅपटॉपची स्क्रीन म्हणजे काचेचे दोन अतिशय पातळ थर, मध्ये द्रव स्फटिक. मागे प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं पातळ झाकण. झाकणाच्या मध्यावर दाब आला की ते आत वाकतं. दाब पसरलेला असेल तर काच सोसते, पण चार्जरच्या ठोकळ्याचा कोपरा एका नखाएवढ्या जागेवर टेकतो. पिशवी मांडीवर होती म्हणता, म्हणजे वरून तुमचे हात किंवा दुसरी पिशवी असणार. तेवढं पुरतं. आवाज येत नाही, बाहेर खूण दिसत नाही. त्यामुळे चार्जर, माउस, पेनड्राइव्ह, काहीही कडक वस्तू लॅपटॉपच्या कप्प्यात कधीही जाता कामा नये. स्लीव्हला बाहेरून चार्जरचा खिसा असतो ना, तो भरल्यावर फुगवटा नेमका स्क्रीनवर येतो. तसली स्लीव्ह घेऊच नका. कॅमेऱ्यावर चिकटवायची सरकती झाकणंही तोच घात करतात. मॅकबुक मिटताना कॅमेऱ्यावर झाकण ठेवू नका असं ॲपलने २०२० मध्ये सांगितलं, आणि लावायचंच असेल तर ०.१ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साध्या कागदापेक्षा, जाड नको असंही.

आता मापाचं. १५.६ इंच हे स्क्रीनचं तिरकं माप आहे, मशीनचं नव्हे. त्या स्क्रीनची रुंदी साधारण ३४.५ सेंटीमीटर. भोवतीची चौकट किती जाड, यावर मशीनचं माप ठरतं. दहा वर्षांपूर्वीचे १५.६ इंची लॅपटॉप ३८ सेंटीमीटर रुंद असायचे, आताचे ३६ च्या आत येतात. म्हणजे दोन सेंटीमीटरचा फरक, आणि दोन्हींवर शिक्का एकच. जुन्या मापाच्या स्लीव्हमध्ये नवं मशीन टाकलं की ते आत सरकतं, आणि सॅक खाली ठेवताना आधी कोपरा आपटतो. कृपया टेपने लांबी, रुंदी, जाडी तिन्ही मोजा आणि इथे लिहा.

वाशिष्ठीकाठ
इतकं समजावून सांगितलंत, मनापासून आभार. वर्षभर मला वाटत होतं की लॅपटॉपच सदोष होता.
मोजलं. लांबी ३५.९, रुंदी २३.६, जाडी बंद असताना २ सेंटीमीटर. वजन १.७ किलो, चार्जर वेगळा.

मांडवीतीर
पणजीहून. पावसाच्या बाबतीत आम्ही आणि चिपळूण सख्खे शेजारी, म्हणून लिहितो.
लेदरची बॅग कोणी सुचवली तर नम्रपणे नको म्हणा. धारावीत लिंक रोडच्या दुकानांत सुंदर मिळतात, मी हौसेने आणली होती. जुलैत आठवडाभर कपाटात राहिली आणि तिच्यावर पांढरी बुरशी. रेक्झिनचं तर विचारूच नका, दमट हवेत दोन वर्षांत पोपडे सुटतात आणि ते पोपडे कीबोर्डमध्ये जातात.

सायकलवारी
नेदरलँड्समधून लिहीत आहे, मूळची साताऱ्याची. इथे पाऊस जोरात नसतो, पण सारखा असतो आणि मी रोज सायकलने ऑफिसला जाते. इथले सायकलवाले तोंड गुंडाळून बक्कल लावायच्या बॅगा वापरतात. त्यांचे जोड शिवलेले नसतात, उष्णतेने चिकटवलेले असतात, आणि तोंडाला चेन नसते. कारण पाणी कापडातून येतच नाही, ते शिवणीच्या भोकांतून आणि चेनच्या दातांतून येतं.

नीओप्रीनच्या, म्हणजे रबरी फोमच्या, स्लीव्हबद्दल हाच गैरसमज आहे. पाणबुड्यांचा पोशाख त्याचा असतो म्हणून ती वॉटरप्रूफ असं विकतात. नीओप्रीनचा फोम बंद पेशींचा असल्याने पाणी शोषत नाही हे खरं. पण पाणबुड्या त्या पोशाखात ओला होतोच, पोशाख त्याला ऊब देतो. स्लीव्हवर चहा सांडला तर वाचेल, पावसात वाचणार नाही.
तसल्या बॅगा भारतात तुमच्या बजेटात बसणार नाहीत, ताई. पण तत्त्व घेता येईल.

कल्याणफास्ट
तत्त्व आपल्याकडे जुनंच आहे. सह्याद्रीत पावसाळी ट्रेकला जाणारी मंडळी सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालतात आणि सगळं सामान त्या पिशवीत. सॅक भिजली तरी सामान कोरडं. रेनकव्हर असलं तरी हे करावंच, कारण रेनकव्हर पाठीच्या बाजूने उघडं असतं. रेनकोटवरून ओघळलेलं पाणी पाठीच्या पॅडमध्ये मुरतं, आणि लॅपटॉपचा कप्पा नेमका तिथेच असतो.

दुचाकीपुणे
हे मात्र पटलं. माझ्या सॅकचा पाठीचा भाग खरंच ओला होतो आणि मी इतके दिवस तो घाम समजत होतो. आजच पिशवी घालतो.
मापाचंही मान्य. माझी स्लीव्ह काढून पाहिली, लॅपटॉप आत अंगठाभर हलतोय.

टाका-टीप
मी कोल्हापूरला बॅगा शिवते, ऑर्डरप्रमाणे. कापडाबद्दल थोडं सांगते, कारण लेबलवरच्या आकड्यांनी गिऱ्हाईक गोंधळतं.

६००डी, १६८०डी असं जे लिहितात तो डेनिअर. ९,००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम, तो आकडा. मोठा आकडा म्हणजे जाड धागा. कॉलेजच्या सॅकला ६०० चं पॉलिस्टर पुष्कळ झालं. १६८० चं कापड दणकट खरं, पण सॅक रिकामीच जड होते. मुलीच्या पाठीवर लॅपटॉप १.७, चार्जर अर्धा किलो धरा, पाण्याची बाटली एक किलो, वह्या, डबा. त्यात रिकामी सॅकच दीड किलोची नको. आठशे ग्रॅमपर्यंतची बघा.

कापडापेक्षा आतली बाजू जास्त पाहावी लागते. सॅक उलटी करून अस्तराच्या आत शिवण दिसते का बघा. कापडाच्या कडा पट्टीने बांधलेल्या असाव्यात, नुसते धागे लोंबत असतील तर सहा महिन्यांत शिवण निसटते. खांद्याचे पट्टे जिथे सॅकला जोडले असतात तिथे चौकोनात फुलीची टीप हवी. सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो आणि माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहातल्या सहा-सात सॅक तिथेच फाटलेल्या असतात. चेन दहा वेळा उघडा-मिटा, वळणावर रनर अडकला तर ती सॅक सोडून द्या, भले रंग आवडलेला असो.

स्क्रूड्रायव्हर
टाका-टीप यांनी शिवणीचं उत्तम सांगितलं. मी त्यात तळाची भर घालतो, कारण माझ्या टेबलावर येणारं बहुतेक नुकसान तळातून आलेलं असतं.

आपण सॅक टेकवतो तेव्हा ती 'पडली' असं आपल्याला वाटत नाही. पण दिवसातून पंधरा-वीस वेळा ती फरशीवर टेकते. कप्पा जर सॅकच्या तळापर्यंत गेलेला असेल तर दर खेपेला लॅपटॉपची कड थेट फरशीवर येते, मध्ये एक कापड आणि थोडा फोम. चांगल्या सॅकमध्ये हा कप्पा तळापासून दोन-तीन सेंटीमीटर वर संपतो, लॅपटॉप झोळीत बसल्यासारखा अधांतरी राहतो. वरून किती जाड पॅड आहे याने फारसं बिघडत नाही. तळ अधांतरी आहे की नाही, हे माझ्या लेखी पहिलं आणि शेवटचं.

दुकानात ओळखायचं कसं? स्वतःचा लॅपटॉप सोबत न्या. कप्प्यात घाला, सॅक टेबलापासून दोन बोटं वर धरा आणि हळूच टेकवा. 'टक्' असा आवाज आला तर मशीन तळाला लागतंय. हात आत घालूनही कळतं.

कोपऱ्यावर पडलेल्या लॅपटॉपचं काय होतं तेही सांगतो. सपाट पडला तर धक्का पसरतो. कोपऱ्यावर पडला तर सगळं वजन एका टोकावर येतं आणि ते बिजागरीपर्यंत जातं. बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात ते प्लास्टिकमध्ये रुतवलेले असतात. ते उपटून येतात, मग झाकण उघडताना चौकट फाकते. लोक म्हणतात 'आपोआप तुटलं'. तो धक्का दोन महिन्यांपूर्वीचा असतो.

मांडवीतीर
दादा, मग कडक कवचाची ईव्हीएची (टणक फोमची) पेटी कशी? कोपरे चांगले झाकते. माझ्या भाच्याकडे आहे, त्यावर 'मिलिटरी ग्रेड' लिहिलंय.

स्क्रूड्रायव्हर
मापात अगदी चपखल असेल तर चांगली. अडचण अशी की ती मोजक्याच मापांत येते, सैल झाली की लॅपटॉप आत खुळखुळतो, आणि कडक पेटी धक्का गिळत नाही, पुढे ढकलते. शिवाय सॅकमध्ये तिची जागा फार.

'मिलिटरी ग्रेड' शब्दाला भुलू नका. मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी लष्कराचं चाचण्यांच्या पद्धतींचं पुस्तक आहे. त्यात पडण्याची, कंपनाची, उष्णतेची, धुळीची अशा अनेक चाचण्या आहेत. यातली कोणती केली, किती उंचीवरून केली, हे लिहिलं नसेल तर त्या शिक्क्यातून काहीच कळत नाही. पाण्याचंही तसंच. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सोसेल, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. 'वॉटर रेझिस्टंट' एवढंच लिहिलं असेल तर ते शिंतोड्यांपुरतंच समजा.

वाशिष्ठीकाठ
मंडळी, काल रविवारी लॅपटॉप बरोबर घेऊन बाजारात गेलो. चार दुकानं फिरलो. सात सॅक टेकवून पाहिल्या, पाच सॅकमधून 'टक्' आला! दुकानदार आधी वैतागले, मग एकाने स्वतःच माळ्यावरून दोन सॅक काढून दिल्या. त्यातली एक घेतली. २८ लिटर, कप्पा तळापासून चांगला तीन बोटं वर, पट्ट्यांना फुलीची टीप, रेनकव्हर सोबत. १,३५० रुपये.

पण कप्पा १५.६ चा 'जुन्या' मापाचा आहे, त्यात लॅपटॉप दोन्ही बाजूंनी थोडा हलतो. आता स्लीव्ह घ्यावी असं वाटतं, पण नेमक्या मापाची मिळत नाही. आणि लेकीला पहिल्या वर्षी ग्राफिक्स, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंग, आहे, म्हणजे सॅकमध्ये मिनी ड्राफ्टर, ते रेघा आखायचं पट्ट्यांचं साधन, तेही जाणार. त्याचा तो लोखंडी चिमटा पाहून माझा पुन्हा जीव खालीवर.

टाका-टीप
ताई, शिवा की घरी! मशीन असेल तर दोन तासांचं काम आहे. माप मी देते.

बाहेरचं कापड जुनी सुती साडी दुहेरी किंवा जीनचं कापड. मधे ५ मिलिमीटर फोम, गादीवाल्याकडे मिळतो, दाबून बघा, लगेच परत फुगला पाहिजे. आत फ्लॅनेल, म्हणजे बाळाच्या लंगोटाचं मऊ कापड. तिन्ही थर एकत्र ठेवून गोधडीसारखा धावदोरा घाला, चार-चार बोटांवर. त्याने फोम सरकत नाही.

सपाट पिशवीची आतली रुंदी म्हणजे लॅपटॉपची लांबी अधिक जाडी अधिक एक सेंटीमीटर मोकळीक. तुमचं ३५.९ अधिक २ अधिक १, म्हणजे ३९ धरा. खोली तशीच, २३.६ अधिक २ अधिक १, म्हणजे २७. शिवणीसाठी दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटर वेगळं सोडा. तळाशी फोमची आणखी एक पट्टी घाला, दोन बोटं रुंद, आणि चारही कोपऱ्यांत फोमचे छोटे चौकोन. चेन लावू नका, दात लॅपटॉपच्या कडेला घासतात. वरून झाकणासारखी पट्टी काढा आणि वेल्क्रो लावा.

ड्राफ्टरला स्वतंत्र लांब पिशवी शिवा आणि ती सॅकच्या बाहेरच्या बाजूला अडकवा. चिमटा आत नकोच.

स्क्रूड्रायव्हर
ड्राफ्टर बाहेर, शंभर टक्के. आणि सॅकमध्ये लॅपटॉप ठेवताना झाकणाची, म्हणजे स्क्रीनची बाजू पाठीच्या पॅडकडे, तळाची बाजू वह्यांकडे. तळ जास्त मजबूत असतो.

एक गोष्ट लेकीला आवर्जून सांगा. झाकण मिटून लगेच स्लीव्हमध्ये घालायचं नाही. आजकालचे लॅपटॉप मिटल्यावर पूर्ण झोपत नाहीत, आत काही ना काही चालू राहतं. फोमच्या आत हवा जायला वाट नाही, मशीन तापतं, आणि अशी उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते. सॅकमधून काढल्यावर हाताला चटका बसेल इतके तापलेले लॅपटॉप मी पाहिलेत. प्रवासापूर्वी शट डाऊन. वर्गातून वर्गात जाताना कंटाळा येत असेल तर झाकण मिटल्यावर हायबरनेट होईल, म्हणजे चालू काम साठवून मशीन बंद होईल, अशी सेटिंग करून द्या.

सायकलवारी
एसटीत सॅक डिकीत टाकू देऊ नका, कंडक्टरने सांगितलं तरी. सातारा-पुणे मी कॉलेजची चार वर्षं केलंय. जड बॅग डिकीत, लॅपटॉपची सॅक मांडीवर किंवा दोन पायांच्या मध्ये.
आणि एसीतून एकदम दमट हवेत आल्यावर गार मशीनवर बाष्प धरतं. स्लीव्हमध्येच दहा-पंधरा मिनिटं राहू द्यावं, मग उघडावं.

वाशिष्ठीकाठ
उशिरा लिहिते आहे, माफ करा. लेक जाऊन तीन आठवडे झाले.

स्लीव्ह शिवली. बाहेरून माझ्या सासूबाईंची निळी इरकल, त्या गेल्यावर पेटीत तशीच होती. धावदोरा मी आणि लेकीने मिळून घातला, एक रात्र बसून. गेल्या वर्षीचं ते ६,८०० चं बिल मनातून जात नव्हतं, ते त्या रात्री गेलं.

जाताना कुंभार्लीत धुवांधार पाऊस होता, पाटणला उतरून चहा प्यायला गेली तर सॅक पाठीवर, छत्री वाऱ्याने उलटी. रेनकव्हर वरून चिंब, पाठीचं पॅड ओलं, कल्याणफास्ट यांनी सांगितलं होतं तसंच. आतल्या प्लास्टिकच्या पिशवीवर पाण्याचे थेंब होते, पिशवीच्या आत इरकल कोरडी. पुण्यात पोचल्यावर तिने आधी फोटो पाठवला, मग फोन केला.

टाका-टीप, एक विचारायचं राहिलं. स्लीव्ह मळली तर धुवायची कशी? आत फोम आहे.

टाका-टीप
फोटो बघायला फार आवडेल, ताई.
बादलीत बुडवू नका आणि मशीनमध्ये अजिबात नको, फोममधलं पाणी लवकर निघत नाही. रिठ्याच्या कोमट पाण्यात फडकं भिजवून घट्ट पिळा आणि वरून पुसा. इरकलीचा रंग सुटतो का ते आधी आतल्या कोपऱ्यावर बघा. मग उलटी करून सावलीत दोन दिवस. हॉस्टेलच्या खिडकीत पाऊस येत असेल तर पंख्याखाली ठेवायला सांगा, आणि आतल्या शिवणीला बोट लावून कोरडी आहे याची खात्री होईपर्यंत लॅपटॉप आत घालू देऊ नका.